शुद्धलेखनाची सक्ती कोणावर?

शिरूरहून न्हावऱ्यावरून चौफुल्याकडे जाणारा रस्ता प्रस्तुत लेखकाच्या नित्याच्या जाण्यायेण्याचा आहे. भीमा ओलांडली म्हणजे शिरूर तालुका संपून दौंड तालुका लागतो. वाटेतल्या पाट्या वाचीत जाण्याची, मास्तरकीच्या पेशास साजेशी एक खोड मला आहे. एका पाटीवर 'शिरूर' असते, तर दुसरीवर 'शिरुर'. मधल्या गावाचे नाव कोणी 'न्हावरे' लिहितो, कोणी 'न्हावरा'. मात्र त्या गावी जावयाचे झाले की दोघेही 'न्हावऱ्याला'च निघतात, आणि वाद आपोआप मिटतो. इंग्रजी अमदानीतील कागदपत्रांत तर शिरूरचे 'सिरुर' आणि दौंडचे 'धोंड' झालेले होते. १ जानेवारी १८१८ रोजी भीमाकाठच्या कोरेगावी लढलेली कंपनीची तुकडी आदल्या रात्री या 'सिरुर'हूनच निघाली होती, आणि १८७८ साली सुरू झालेला मनमाडचा लोहमार्ग त्या 'धोंड'लाच जोडलेला होता. नावाच्या अशुद्धपणामुळे ना तुकडी वाट चुकली, ना आगगाडी.

मग शुद्धलेखनाचा एवढा बाऊ कशासाठी, असे कोणी विचारल्यास त्याला एकदम मूर्खात काढता येत नाही. मजकूर समजला म्हणजे झाले, असे म्हणणारा एक पक्ष आज तरुणांत बलवान आहे. वेलांटी चुकली की भाषा बुडाली, असे मानणारा दुसरा पक्ष आम्हा अध्यापकांत व जुन्या वाचकांत अजून टिकून आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिल्यापासून त्याचा स्वर थोडा चढल्यासारखाही वाटतो. या दोन पक्षांचा वाद बहुधा 'शुद्धलेखन हवे की नको' या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहतो. मला तो प्रश्नच अपुरा वाटतो. शुद्धलेखन कोणाकडून, कोणासाठी आणि कोणत्या चुकीबद्दल मागावयाचे, हा खरा प्रश्न आहे. त्याचे जे उत्तर आपण आजवर आचरणाने देत आलो ते उलटे आहे, असे माझे म्हणणे असून, ते येथे शक्य तितक्या शांतपणे मांडण्याचा विचार आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. आज ज्याला आपण शुद्धलेखन म्हणतो ते मराठी भाषेच्या वयाच्या मानाने फार अलीकडचे आहे. पेशवाईच्या अखेरपर्यंत आणि त्यानंतरही कित्येक दशके मराठीचा रोजचा लेखनव्यवहार मोडी लिपीत चाले, आणि मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद काटेकोरपणे पाळण्याचा प्रघात नव्हता. दिल्लीपासून तंजावरपर्यंत जी राजकारणाची पत्रे गेली, जे तहनामे झाले, ज्या हुंड्या वटल्या, त्यांतील वेलांटी पहिली की दुसरी हे कोणी विचारले नाही. नियमाची गरज उत्पन्न झाली ती छापखान्यामुळे आणि शाळेमुळे. मोल्सवर्थसाहेबांचा कोश १८३१ साली निघाला. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ साली. कोशाची वाढविलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली. कोशकाराला प्रत्येक शब्द एका ठिकाणी बसवावा लागतो, खिळे जुळविणाऱ्याला एकच खिळा उचलावा लागतो, आणि क्रमिक पुस्तक लिहिणाऱ्याला पुण्याच्या व रत्नागिरीच्या मुलापुढे एकच रूप ठेवावे लागते. अशा रीतीने बाळबोध लेखनाचे संकेत हळूहळू ठरत गेले. १९११ साली मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' प्रसिद्ध झाले, तेव्हासुद्धा अनुस्वार कोठे द्यावा व कोठे देऊ नये याबद्दल विद्वानांत एकवाक्यता नव्हती.

सारांश, शुद्धलेखन हा एक करार आहे. करार आहे म्हणून तो क्षुल्लक ठरत नाही. रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी हाकण्यात पुण्य काही नाही. पण तो नियम मोडला तर पुणे-नगर रस्त्यावर काय होईल हे कोणास सांगावयास नको. घोटाळा होतो तो या करारास सोवळे नेसविले म्हणजे. 'शुद्ध' या शब्दानेच तो बराचसा केला आहे. शुद्ध म्हटले की अशुद्ध आले, आणि अशुद्ध म्हटले की आपल्या समाजात लगेच विटाळाची भावना येते. काही अभ्यासक 'प्रमाणलेखन' हा शब्द सुचवितात तो या दृष्टीने अधिक निर्दोष आहे. तथापि वाचकांच्या ओळखीचा म्हणून येथे जुनाच शब्द ठेविला आहे.

आज शासकीय व शालेय मराठीत जे नियम चालतात ते मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले आहेत. त्यांपैकी चौदा नियमांस महाराष्ट्र शासनाने १९६२ साली मान्यता दिली, आणि १९७२ साली त्यांत आणखी चारांची भर पडली. हे अठरा नियम उत्तरे तपासण्याचे साधन म्हणून आपण वापरतो. एखाद्या ग्रंथासारखे सलग वाचून त्यांचे परीक्षण मात्र क्वचितच करतो. ते केल्यास पहिली गोष्ट दिसते ती त्यांच्या कर्त्यांची धिटाई. माझ्या आजोबांच्या पत्रांत 'नाहीं', 'कांहीं', 'तें', 'गांव' अशी रूपे पानोपानी आहेत. न उच्चारले जाणारे हे सारे अनुस्वार, ते व्युत्पत्तीने सिद्ध होत असोत वा नसोत, या नियमांनी एका फटक्यात काढून टाकिले. ज्या बिंदूवाचून लिहिणे आजोबांच्या शाळेत प्रमाद ठरला असता, तो बिंदू देणे आज प्रमाद ठरते. एवढे होऊनही भाषा जागची हलली नाही. चुकीच्या नावाने मुलास छडी मारणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने हा इतिहास एकदा मनाशी आठवावा.

दुसरी गोष्ट इतकी सुखाची नाही. या नियमांत तत्सम शब्दांस, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या शब्दांस, वेगळी वागणूक आहे. 'फूल' दीर्घ, पण 'गुण' ऱ्हस्व. 'गरीब' दीर्घ, पण 'मंदिर' ऱ्हस्व. 'जमीन' या शब्दाचे 'जमिनीत' होते, पण 'शरीर' या शब्दाचे 'शरीरात'च राहते. बोलताना या उकारांत आणि वेलांट्यांत कानास भेद कळत नाही. 'फूल' आणि 'गुण' यांतील उकार आपण सारखेच लांबवितो. तेव्हा शब्द कसा लिहावा हे ठरविण्यापूर्वी त्याचे कुळ विचारावे लागते. ज्या घरात दोन पिढ्या संस्कृताचा वावर आहे त्या घरच्या मुलास हे कुळ न शिकता ठाऊक असते. ज्याचे आईबाप उसाच्या फडात राबतात त्या मुलास ते पाठ करावे लागते, आणि पाठांतर चुकले की त्याचे गुण जातात. मग तो 'गुण' शब्द त्याने ऱ्हस्व लिहिलेला असो वा दीर्घ. मराठी शब्दांचे नियमही सोपे आहेत असे नाही. 'शिरूर' हे नाव अकारान्त, म्हणून त्यातील उपान्त्य उकार दीर्घ. 'शिरुरात' म्हटले की तो ऱ्हस्व. आणि 'शिरूरला' म्हटले की पुन्हा दीर्घ, कारण तेथे शब्दाचे सामान्यरूप झालेलेच नसते. म्हणजे पाट्या रंगविणारा जो कारागीर 'शिरुर' असे लिहितो, तो तसा निम्मा बरोबरच असतो.

परंतु याच अठरा नियमांत एक नियम असा आहे की तो मोडला तर अर्थच मोडतो. नामाच्या अनेकवचनी सामान्यरूपावर प्रत्यय लावताना अनुस्वार द्यावा, हा तो नियम. 'मुलाचे' आणि 'मुलांचे' यांत केवळ एका टिंबाचा फरक आहे. परंतु मृत्युपत्रात हे टिंब गळले तर एका मुलास शेत मिळेल व दुसरे कचेरीच्या पायऱ्या झिजवीत बसतील. हक्कसोडपत्रात 'बहिणीचा हिस्सा' आणि 'बहिणींचा हिस्सा' यांतील टिंबाखाली किती जणींचे माहेर झाकले गेले असेल ते सांगवत नाही. गावांच्या नावांतही हेच आहे. वढू बुद्रुक शिरूर तालुक्यात आहे, वढू खुर्द हवेली तालुक्यात. 'वढू'मधील उकार ऱ्हस्व पडला तर जमीन हलणार नाही. 'बुद्रुक'ऐवजी 'खुर्द' पडले तर ती कागदोपत्री दुसऱ्या तालुक्यात जाऊन बसेल.

एवंच, ज्यांना आपण सरसकट 'चुका' म्हणतो त्यांत दोन अगदी भिन्न जाती आहेत. एका जातीची चूक वाचणाऱ्यास फसविते. दुसऱ्या जातीची चूक तपासणाऱ्यास खुपते. पहिलीने नुकसान होते, दुसरीने मनस्ताप. आपल्या परीक्षापद्धतीत, आणि त्याहून अधिक आपल्या सामाजिक वागणुकीत, दोहोंना दंड सारखाच आहे. किंबहुना दुसरीला अधिक आहे, कारण ती चटकन दिसते.

या दंडाची वाटणी कशी होते याचे एक उदाहरण माझ्या पाहण्यातले आहे. माझ्या परिचयाच्या एका वृद्ध शेतकऱ्याच्या वडिलांचे नाव जुन्या फेरफारात 'ज्ञानोबा' आणि सातबाऱ्यावर 'ग्यानबा' असे होते. गावात दोन्ही नावे एकाच माणसाची, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण एका कचेरीने ही दोन माणसे असल्याचे धरिले, आणि वारसाची नोंद अडली. महसुली अभिलेखातील लेखनप्रमाद दुरुस्त करण्याची तरतूद १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या १५५ व्या कलमात आहे. तरतूद आहे, म्हणून अर्ज आला. अर्ज आला, म्हणून पुरावे आले. पुरावे आले, म्हणून खेपा आल्या. दीड वर्षाने काम झाले. तेव्हा ते गृहस्थ मला म्हणाले, "सर, आमचा बाप जित्तेपणी दोन्ही नावांला ओ द्यायचा. मेल्यावर त्याची दोन माणसं झाली." या प्रकरणात चूक लिहिणाऱ्याची होती आणि शिक्षा न लिहिणाऱ्यास झाली. ज्याच्या हाती लेखणी होती त्याला कोणी लाल शाईने खूण केली नाही.

आता स्वतःचाही एक अपराध सांगितला पाहिजे. बारा वर्षांपूर्वी माझ्या वर्गात दौंड तालुक्यातील भीमाकाठच्या एका गावची मुलगी होती. 'मी पाहिलेली रात्र' असा काहीसा विषय मी निबंधास दिला होता. तिने गुऱ्हाळावरची रात्र लिहिली होती. वडील चुलवाणात जाळ घालीत आहेत, काहिलीतला रस उकळतो आहे, गुळव्या मधूनमधून तो उचलून पाहतो आहे, आणि आई अंगावरच्या पोराला मांडीवर घेऊन, डुलक्या घेत, पहाटेच्या आदणाची वाट पाहते आहे. वहीत 'पानी' होते, 'आनि' होते, 'रातरी' होते. ऱ्हस्व-दीर्घाचा तर धरबंदच नव्हता. मी एकतीस चुकांवर खुणा केल्या, खाली 'शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे' असे लिहिले, आणि वही परत केली. वर्षअखेरीस काही कारणाने त्या वह्या पुन्हा हाती आल्या तेव्हा मी तो निबंध प्रथमच वाचला. पहिल्या वेळी मी तो वाचला नव्हता, तपासला होता. त्यात एकही वाक्य असे नव्हते की ज्याचा अर्थ लागत नाही, आणि एकही शब्द असा नव्हता की जो काढून टाकता येईल. त्याच सुमारास एका कार्यालयातून आमच्याकडे एक परिपत्रक आले होते. त्यात वेलांटी-उकाराची चूक शोधून सापडली नसती. पण दीड पान लांबीच्या त्या एकाच वाक्यातून आम्ही नेमके काय करावयाचे, हे आम्हा आठ-दहा पदवीधरांस मिळून कळले नाही. त्या परिपत्रकाचा मसुदा करणारा आमच्या मापाने शुद्ध लिहिणारा ठरला, आणि ती मुलगी अशुद्ध. त्यानंतर तिने वर्गात काही लिहून दाखविल्याचे मला आठवत नाही.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की विद्वत्ता आणि काटेकोरपणा हेच सामान्य वाचकाचे शत्रू आहेत. तो निष्कर्ष चुकीचा आहे, आणि त्याला उत्तर याच दौंड तालुक्यात, चौफुल्याजवळच्या केडगावी, शंभर वर्षांपूर्वी दिले गेले आहे. पंडिता रमाबाईंस १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या, त्या त्यांच्या संस्कृतातील अधिकाराबद्दल. शब्दांचे कुळ ठाऊक असणारी त्यांच्याइतकी योग्य व्यक्ती त्या काळी पुरुषांतही विरळा होती. याच बाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात राहून, हिब्रू व ग्रीक शिकून, समग्र बायबलाचे मराठी भाषांतर केले, आणि ते करताना प्रौढ संस्कृतप्रचुर मराठी बुद्ध्या बाजूस सारून, दुष्काळातून व वैधव्यातून तेथे आलेल्या अल्पशिक्षित बायाबापड्यांस कळेल अशी सोपी मराठी योजिली. ग्रंथाची छपाई तेथल्याच छापखान्यात, तेथल्याच स्त्रियांच्या हातून झाली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या. अखेरच्या दिवसांपर्यंत त्या या ग्रंथाची मुद्रिते तपासीत होत्या, आणि ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला.

त्यांच्या धर्ममतांशी आपणास येथे कर्तव्य नाही. लेखनाच्या दृष्टीने जी गोष्ट मला मोलाची वाटते ती अशी. त्यांनी आपल्या वाचकिणींस 'आधी संस्कृत शिकून या' असे म्हटले नाही. आणि 'अडाणी बायकांस काय कळते, कसेही छापा' असेही म्हटले नाही. शब्द सोपा निवडण्याचा आणि तो अचूक छापण्याचा, असे दोन्ही भार त्यांनी स्वतःच्या शिरावर घेतले, कारण ते पेलण्याची शक्ती त्यांच्यापाशी होती व वाचणारीपाशी नव्हती. नुकतीच अक्षरओळख झालेली बाई एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचते. छापण्यातील चूक आपल्यासारखा सराईत वाचक मनातल्या मनात दुरुस्त करून पुढे जातो. ती मात्र तेथेच अडते, आणि दोष आपल्याच अज्ञानाचा समजते. शुद्ध छापण्याची खरी गरज विद्वानास नसून तिला आहे. लेखनाच्या नियमांचे याहून भक्कम समर्थन मला ठाऊक नाही.

याच्या उलट टोकाचे उदाहरणही आपल्या वाङ्मयात आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त जोतीराव फुल्यांच्या लेखनाचा समाचार घेताना त्यांच्या भाषेच्या व व्याकरणाच्या दोषांचा यथेच्छ उपहास केला. मराठी गद्याच्या घडणीवरील शास्त्रीबोवांचे ऋण मी नाकारीत नाही. वाक्य कसे उभे करावे हे आम्ही त्यांच्याच शाळेत शिकलो. पण समीक्षक म्हणून येथे त्यांनी केले ते योग्य झाले असे म्हणवत नाही. लिहिणारा काय सांगतो आहे याला उत्तर देण्याऐवजी तो कसा लिहितो याकडे बोट दाखविले की श्रम वाचतात, आणि वाचकांतील आपल्या बाजूचे लोक खूष होतात. 'शेतकऱ्याचा असूड' हे पुस्तक फुल्यांनी पुढे १८८३ साली लिहिले, त्यातील एक मुख्य तक्रार लेखनासंबंधीचीच आहे: ज्याला लिहिता-वाचता येत नाही तो शेतकरी कागद करणाऱ्याच्या हाती कसा सापडतो, ही. त्या तक्रारीचा निकाल व्याकरणाच्या पुस्तकाने लागत नाही. शुद्धलेखनाचा असा ढालीसारखा उपयोग आजही होतो. एखाद्या खेड्यातील तरुणाचे पत्र वृत्तपत्रात आले, की त्यातील पाण्याच्या टंचाईपेक्षा 'पानी' या शब्दाचीच चर्चा अधिक होते.

येथे विचारी वाचक एक आक्षेप घेईल, आणि तो घेणे रास्त आहे. जर प्रत्येकास अशी सूट दिली तर बेबंदशाही माजणार नाही काय? ज्याने त्याने आपापल्या कानाप्रमाणे लिहिले, तर पन्नास वर्षांनी शिरूरचे लिहिणे सावंतवाडीस व नागपूरचे पुण्यास कळेल काय? हा धोका खरा आहे. गोरगरिबांसाठी लिहिणाऱ्या गांधीजींनीच गुजरातीत एकच एक जोडणी असावी असा आग्रह धरिला, आणि गुजरात विद्यापीठाचा 'जोडणीकोश' १९२९ साली त्या आग्रहातून प्रसिद्ध झाला. करार सर्वांनी मिळून बदलावयाचा असतो. एकट्याने मोडून तो बदलत नाही. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी सुचविलेली 'अि', 'अु' ही रूपे काही काळ छापूनही आली, पण टिकली नाहीत. इंग्रजी वर्णलेखनावर जन्मभर कोरडे ओढणाऱ्या बर्नार्ड शॉने मृत्युपत्रात नव्या लिपीसाठी पैसे ठेविले, आणि त्याचे एक नाटक त्या लिपीत छापलेही गेले; ते साल १९६२ होते. आज ते पुस्तक संग्राहकांच्या कपाटात आहे, आणि त्याच साली मान्य झालेले आपले नियम, त्यांत दोष असूनही, कोट्यवधी माणसांच्या उपयोगात आहेत.

म्हणून नियम नकोत असे माझे म्हणणे नाही. ते पाळण्याची सक्ती कोणावर किती असावी, यासंबंधी मात्र एक माप मला सुचते. ज्याचे लेखन जितक्या अधिक लोकांस वाचावेच लागते, आणि ज्याच्या लेखनाने दुसऱ्याचे जितके अधिक बरेवाईट होऊ शकते, त्याच्यावर सक्ती तितकी अधिक. या मापाने पाहिल्यास पहिली सक्ती शासनावर येते, दुसरी क्रमिक पुस्तकांवर, तिसरी वृत्तपत्रांवर व प्रकाशकांवर, चौथी आम्हा अध्यापकांवर. आणि अगदी अखेरीस ती पोटासाठी अर्ज लिहिणाऱ्यावर वा मुलास पत्र लिहिणाऱ्या आईवर येते. प्रत्यक्षात काय दिसते? मोठमोठ्या फलकांवर गावांची नावे चुकतात आणि वर्षानुवर्षे तशीच राहतात. मुद्रितशोधक ही जात छापखान्यांतून व वृत्तपत्रांतून दिवसेंदिवस दुर्मीळ होत आहे, कारण तिच्या पगारास कात्री लावणे सर्वांत सोपे. आणि एवढी काटकसर झाल्यावर उरलेली सारी करडी नजर आपण दहावीच्या मुलाच्या उत्तरपत्रिकेवर रोखितो.

यंत्रांनी तर हा प्रश्न अधिकच उघडा पाडला आहे. आता हातातला दूरध्वनीच शब्द सुचवितो. बोललेले लिहूनही घेतो. थोड्याच वर्षांत पहिली-दुसरी वेलांटी यंत्र सांभाळील आणि ती सुशिक्षितपणाची खूण उरणार नाही. पण 'बहिणीचा' आणि 'बहिणींचा' यांपैकी कोणता शब्द हवा हे यंत्रास नुसत्या शब्दावरून कळावयाचे नाही, कारण शब्द म्हणून दोन्ही निर्दोष आहेत. ज्ञानोबा आणि ग्यानबा एकच, हेही त्याला कोणी सांगितल्यावाचून कळणार नाही. म्हणजे तपासणाऱ्यास खुपणारी चूक यंत्र काढील, आणि वाचणाऱ्यास फसविणारी चूक माणसाच्याच माथी राहील. आपण पन्नास-साठ वर्षे शाळांतून पहिल्या जातीच्या चुकीवर जेवढी शक्ती वेचली, त्याच्या चौथाईनेही ती दुसऱ्या जातीवर वेचलेली नाही. वाक्य कोणाबद्दल आहे, 'तो' म्हणजे कोण, अट कशास लागू आहे, एक की अनेक, हे तपासून पाहण्याची सवय आपल्या पदवीधरांस नाही. ते परिपत्रक त्याचेच फळ होते.

तेव्हा दोन-तीन साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. परीक्षेत अर्थ बिघडविणाऱ्या चुका आणि केवळ संकेत मोडणाऱ्या चुका वेगळ्या मोजाव्या, आणि दुसऱ्यांसाठी ठेविलेले गुण अल्प व स्वतंत्र असावेत, म्हणजे चांगला विचार उकारापायी बुडणार नाही. सरकारी कागदातील नावाची चूक लिहिणाऱ्या कचेरीची असेल तर ती दुरुस्त करण्याचा भार व खर्च कचेरीवरच असावा. आणि महामंडळाचे नियम पुन्हा कधी विचारास घेतले जातील तेव्हा तत्सम शब्दांचे कुळ विचारण्याची अट किती सैल करता येईल, याचा निर्णय १९६२ सालच्याच धिटाईने व्हावा. अनुस्वार गेले तेव्हा भाषा गेली नाही. एवढा अनुभव आता आपल्या गाठीशी आहे.

हे लिहीत असताना मी माझ्यापुरता एक नेम केला आहे. वही हाती आली म्हणजे पहिल्या वाचनात लाल शाईचे टोपण काढावयाचे नाही. मुलगा काय म्हणतो आहे ते आधी ऐकावयाचे, त्याखाली त्यासंबंधी दोन शब्द लिहावयाचे, आणि मग दुसऱ्या वाचनात वेलांट्यांकडे वळावयाचे. वेलांट्या मी सोडून देत नाही; ज्याला पुढे पाट्या रंगवावयाच्या आहेत, सातबारा लिहावयाचा आहे, किंवा वर्तमानपत्रात काम करावयाचे आहे, त्याला त्या आल्याच पाहिजेत. पण त्या शिकवावयाच्या असतात, फेकून मारावयाच्या नसतात. गुऱ्हाळावरच्या त्या रात्रीची वही माझ्याजवळ नाही. ती असती, तर एकतीस खुणांच्या खाली तेव्हा लिहावयाचे राहून गेलेले एक वाक्य आज तरी लिहिले असते.